मेंटेनन्समधली शिकाऊ वर्षं : टॉर्च धरताना काय बघायचं

तुझा प्रश्न मला असा कळला. कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात शिकाऊ म्हणून लागून सात महिने झाले. पाना अजून फारसा हातात आलेला नाही. टॉर्च धरणं, स्टोअरमधून सामान आणणं, ग्रीस मारणं आणि काम झालं की जागा पुसून घेणं, एवढंच वाट्याला येतं. कॉलेजात शिकलेलं कुठे वापरलं जातंय असं दिसत नाही. ब्रेकडाउन आलं की सगळे एकमेकांवर ओरडतात, तुझ्या छातीत धडधडतं, आणि आपण काही शिकतोय की नुसते दिवस भरतोय हेच समजेनासं होतं. हे सोडून दुसरं काही बघू का, असंही तू विचारलं आहेस.

मी या कामात सत्तावीस वर्षं आहे. सुरुवात शिकाऊ म्हणूनच केली आणि पुढे हाताखाली बरीच शिकाऊ मुलंमुली आली. त्या अनुभवावर लिहितो. वयाने मोठा आहे म्हणून ‘तू’ म्हणतो.

आधी टॉर्चचं बोलू, कारण तुझा सगळ्यात जास्त राग त्या टॉर्चवर दिसतोय. ब्रेकडाउनच्या जागी कोण कोण असतं ते आठवून बघ. फिटरचं सगळं लक्ष त्या एका अडलेल्या बोल्टवर. वायरमनचं डोकं पॅनलमध्ये. सुपरवायझरची नजर घड्याळावर. ऑपरेटर बिचारा दोष आपल्या माथी तर येत नाही ना, या काळजीत. यातल्या कुणालाच मशीनकडे शांतपणे बघायला सवड नसते. ज्याचे डोळे मोकळे आहेत असा तिथे एकच माणूस, तो म्हणजे टॉर्च धरणारा. आणि आपल्या कामाची अडचण अशी की मशीन उघडता उघडताच पुरावा नाहीसा होतो. कव्हर काढलं की त्यावर साठलेली भुकटी खाली सांडते. कुणीतरी सवयीने कपडा फिरवतो आणि ग्रीसचा रंग, तेलाचा ओघळ, गंजाची रेघ सगळं पुसून जातं. कोणता बोल्ट आधीपासून ढिला होता हे पाना लावणाऱ्याच्या मनगटाला क्षणभर कळतं, आणि पुढचा बोल्ट धरेपर्यंत तो ते विसरलेलाही असतो.

म्हणून टॉर्च धरशील तेव्हा हे बघायला शीक. कपलिंगखाली, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याखाली, रबराची काळी भुकटी पडली आहे का? असेल तर दोन शाफ्ट एका रेषेत नसण्याचा संशय पहिला. बोल्ट केलेल्या सांध्याजवळ किंवा बेअरिंग बसतं त्या जागेवर तांबूस तपकिरी पूड दिसते का? ती दिसली म्हणजे घट्ट असायला हवी ती जागा सूक्ष्म हलते आहे. मोटरच्या पायाखालच्या शिम (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) काढल्या तर कोणत्या पायाखालून किती निघाल्या? बेल्टच्या कडा दोन्ही बाजूंनी सारख्या झिजल्यात की एकाच? या गोष्टी फिटरला विचारून कळत नाहीत. त्या तिथे, त्या वेळी बघाव्या लागतात.

माझाच अनुभव सांगतो. शिकाऊपणाचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. एका पाण्याच्या पंपाचं बेअरिंग चार महिन्यांत तिसऱ्यांदा गेलं होतं. दर वेळी नवीन बेअरिंग घातलं जायचं, डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लावून मोटर आणि पंप नीट अलाइन, म्हणजे एका रेषेत, केले जायचे, पाइप जोडून पंप सुरू व्हायचा आणि पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा घरघर. बेअरिंगचा माल खराब येतोय, असं सगळ्यांचं ठरून गेलं होतं. तिसऱ्या वेळी टॉर्च माझ्या हातात होती. डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या, बाजूच्या फ्लँजचा (पाइप जोडायच्या बोल्टांच्या चकतीचा) शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा ‘टक्’ असा आवाज झाला आणि पाइप बाजूला सरकला. फार नाही, बोटाच्या अर्ध्या जाडीएवढा. पंप परत बसवताना त्याच पाइपला पहार लावून, दोघांनी जोर देऊन फ्लँजची भोकं जुळवली. जोर देणारे घामाघूम झाले होते. त्यांच्या लेखी ते नेहमीचंच काम होतं.

आमचे जुने फिटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांना मी भीत भीत विचारलं, की पाइप दर वेळी असाच ओढून लावावा लागतो का? ते जेवता जेवता थांबले. उठून भंगाराच्या पेटीतून ते काढलेलं बेअरिंग घेऊन आले, ते सोडवलं, बाहेरची कडी डिझेलने धुतली आणि माझ्या हातात दिली. “आतल्या बाजूने गोळ्या कुठून फिरल्यात, बघ.” त्या चकचकीत पृष्ठभागावर गोळ्यांच्या वाटेचा एक मंद पट्टा उमटला होता. तो कडेला समांतर नव्हता. एका बाजूला डाव्या कडेजवळून निघून समोरच्या बाजूला उजव्या कडेकडे झुकला होता. काका म्हणाले, “माल खराब असता तर रेष तिरकी कशाला झाली असती?”

दुपारी त्यांनी मोटर-पंपाच्या कपलिंगवर डायल लावून काटा शून्यावर आणला आणि मग पाइपच्या फ्लँजचे बोल्ट आवळायला सांगितले. टॉर्च माझ्याकडेच होती, तेव्हा काटा मी बघत होतो. एकेक बोल्ट आवळला जाईल तसा काटा सरकत गेला आणि ३५ घरांवर जाऊन थांबला. एक घर म्हणजे ०.०१ मिलिमीटर, म्हणजे पाइप आवळल्याने पंप ०.३५ मिलिमीटर ओढला जात होता. अशा तपासणीत काटा ०.०५ च्या आत राहायला हवा. आम्ही दर वेळी अलाइनमेंट मन लावून करायचो आणि नंतर पाइप आवळून आपणच ती बिघडवायचो. पाइपचा एक आधार खाली बसला होता, हे मूळ कारण. तो आधार उचलून घेतला, पाइपचा एक तुकडा कापून नीट मापाने परत जोडला. त्यानंतर मी तिथे होतो तोवर त्या पंपाचं बेअरिंग पुन्हा बदलावं लागलं नाही.

हे इतकं लांबवून सांगायचं कारण एवढंच की पहार लावणाऱ्या दोघांना तो पाइप ‘दिसत’ नव्हता. जोर लावणाऱ्या माणसाला आपण जोर का लावतोय हा प्रश्न पडत नाही. बाजूला उभ्या असलेल्याला पडतो. तुला आत्ता ती बाजूची जागा मिळाली आहे. दोन वर्षांनी पाना तुझ्या हातात येईल तेव्हा ही जागा गेलेली असेल.

आता कॉलेजच्या शिक्षणाबद्दल. ते उपयोगी पडत नाही हे मला पटत नाही. ते तिथे वेगळ्या कपड्यांत येतं, म्हणून ओळखू येत नाही. मोटरच्या प्लेटवर १४४० लिहिलेलं रोज बघतोस. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर चार पोलच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि रोटर त्याच्या थोडा मागे राहतो. तो मागे राहिला नाही तर त्यात करंटच निर्माण होणार नाही आणि मोटर ओढणारही नाही. म्हणजे तुझा ‘स्लिप’चा, या मागे राहण्याचा, धडा त्या प्लेटवर कोरलेला आहे. प्रेशर ट्रान्समीटरचा, म्हणजे दाब मोजून कळवणाऱ्या उपकरणाचा, सिग्नल ४ ते २० मिलिॲम्पिअर असतो. शून्यापासून का नाही? कारण ४ म्हणजे ‘दाब शून्य आहे’ आणि ० म्हणजे ‘तार तुटली आहे’ हा फरक कळायला हवा. मीटरवर १२ आले तर दाब मापपट्टीच्या बरोबर मध्यावर, हे तोंडी सांगता आलं पाहिजे.

बेअरिंगच्या नंबरचंही तसंच. ६३०८ मधला पहिला ६ म्हणजे एका ओळीचं खोल खोबणीचं बॉल बेअरिंग, ३ ही त्याची मालिका, आणि शेवटच्या ०८ ला ५ ने गुणलं की आतलं भोक ४० मिलिमीटर. ०४ पासून वर हा हिशोब चालतो. त्याखालचे चार तोंडपाठ करून टाक: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. पुढे सी३ लिहिलेलं असेल तर आतला मोकळेपणा नेहमीपेक्षा जास्त. स्टोअरमध्ये सी३ नाही म्हणून साधं चालवून घेऊ, असं कुणी म्हणालं तर निदान विचार, की इथे सी३ का दिलं होतं. गरम होणाऱ्या मोटरमध्ये आतली कडी फुगते आणि तो मोकळेपणा खाऊन टाकते, त्यासाठी ते असतं.

बेअरिंग बसवताना जी कडी घट्ट बसते तिच्यावरच जोर द्यायचा. शाफ्टवर घट्ट असेल तर आतल्या कडीवर. बाहेरच्या कडीवर ठोकलंस तर तो धक्का गोळ्यांतून जातो आणि खोबणीत बारीक खड्डे पडतात. नवीन बेअरिंग पहिल्या दिवशीच आजारी. गरम करून बसवायचं तर साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि गॅसच्या ज्योतीने कधीच नाही. हे वर्गात सांगितलेलं असतं, पण हातात हातोडी आल्याशिवाय पटत नाही.

खिशात एक छोटी वही ठेव. फोनवर नको. हात तेलकट असतात, आणि हाताने चित्र काढलं की डोळा बारकावे पकडतो. मशीनचा नंबर, काय तक्रार होती, उघडण्याआधी काय दिसलं, काय केलं, कोणता भाग लागला, किती वेळ लागला, आणि परत सुरू केल्यावर करंट किती होता. एम ८ ला (८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला) १३ चा पाना, एम १० ला १७, एम १२ ला १९, एम १६ ला २४, आणि नव्या मानकाच्या बोल्टांत एम १० ला १६ आणि एम १२ ला १८, असल्या नोंदीही कर. शिडीवर चढून मग पाना चुकीचा निघाला की खालीवर करण्यात अर्धा तास जातो. माझी पहिली वही मी अजून उघडतो. त्यातली चित्रं वाईट आहेत, पण कोणता स्पेसर कोणत्या तोंडाने बसतो ते बरोबर आहे.

ब्रेकडाउनच्या भीतीबद्दल दोन गोष्टी. ओरडणं बहुतेक वेळा तुझ्यावर नसतं. ते थांबलेल्या लाइनवर असतं, तू फक्त वाटेत उभा असतोस. पण भीती खरी आहे आणि ती जायची असेल तर पुढे काय करायचं याची पद्धत हाताशी लागते. पद्धत नसलेला माणूस घाबरला की भाग बदलत सुटतो. सेन्सर बदल, कार्ड बदल, केबल बदल. शेवटी मशीन चालतं आणि कशामुळे चाललं हे कुणालाच माहीत नसतं.

पहिलं काम ऑपरेटरशी बोलायचं. त्याला “काय बिघडलं?” असं विचारू नकोस. “बंद पडायच्या आधी काय वेगळं झालं?” असं विचार. आवाज बदलला का, वास आला का, माल दुसरा लावला का, कालच्या पाळीत कुणी इथे काम केलं का. आठ तास त्या मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला जे माहीत असतं ते कोणत्याही ड्रॉइंगमध्ये नसतं. त्याच्याशी आदराने बोललास तर तो सांगतो, नाहीतर ‘आपोआप बंद पडलं’ एवढंच ऐकायला मिळतं.

मग अर्ध्यावर तपासायचं. समज, कन्व्हेयर सुरू होत नाही. बटणापासून कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलपर्यंत २४ व्होल्ट पोचायला वाटेत सोळा जागा आहेत: इमर्जन्सी स्टॉप, गार्डचे स्विच, ओव्हरलोड रिलेचा (करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचा) संपर्क, टर्मिनल. पहिल्यापासून एकेक बघत गेलास तर सोळाव्यापर्यंत जावं लागू शकतं. मध्यावर, आठव्या जागी मीटर लाव. तिथे २४ आहेत, तर दोष पुढच्या अर्ध्यात. नाहीत, तर मागच्या अर्ध्यात. मग उरलेल्याच्या मध्यावर. चार मोजमापांत तू दोषावर उभा असतोस. हे हवेच्या लाइनला चालतं, हायड्रॉलिकला चालतं, पाइपात अडकलेल्या कचऱ्यालाही चालतं. आणि मागे सुपरवायझर उभा राहून “किती वेळ?” विचारत असेल तर “दोष या चार जागांत आहे” असं उत्तर देता येतं. त्या उत्तरानंतर बहुतेकांचा आवाज खाली येतो.

एक मात्र लक्षात ठेव. ओव्हरलोड ट्रिप झाला होता, रीसेट केला आणि चालू झालं, हे निदान नव्हे. तो का ट्रिप झाला हा प्रश्न तसाच उभा आहे. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघ आणि वहीत लिही.

आता सुरक्षिततेचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. काम चालू असताना मशीनचा स्विच बंदच राहावा म्हणून लावायचं तुझं स्वतःचं कुलूप आणि टॅग आहे का? नसेल तर उद्या माग, लेखी माग. दुसऱ्याने कुलूप लावलंय म्हणून आपण आत हात घालायचा नाही. ज्याचा हात आत, त्याचं कुलूप बाहेर आणि किल्ली त्याच्याच खिशात. मेन स्विच बंद केला म्हणजे मशीन मेलं असं समजू नकोस. हवेच्या सिलिंडरमध्ये दाब राहिलेला असतो. हायड्रॉलिक ॲक्युम्युलेटर (दाबाखालचं तेल साठवणारी टाकी) पंप बंद झाल्यावरही तेल ढकलू शकतो. ओढलेली स्प्रिंग आहे, वर अडकून राहिलेला लिफ्टचा भाग आहे जो ब्रेक सोडताच खाली येईल. ४१५ व्होल्टच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) आतल्या कपॅसिटरवर ५८० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि तो पुरवठा तोडल्यावर लगेच जात नाही. किती मिनिटं थांबायचं ते कव्हरवरच लिहिलेलं असतं. तेवढी मिनिटं थांबायचं आणि नंतर मोजून खात्री करायची.

वीज गेली आहे हे मोजताना टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघ, मग बंद केलेल्या जागी, आणि पुन्हा एकदा चालू लाइनवर. मधल्या वेळी शून्य दाखवलं ते लाइन बंद म्हणून की टेस्टर बंद म्हणून, हे तिसऱ्या मोजमापाशिवाय सांगता येत नाही. हायड्रॉलिक होजमधून बारीक फवारा येत असेल तर बोटाने कधीही शोधू नकोस, पुठ्ठ्याचा तुकडा धर. तो फवारा कातडीतून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि तरी ती तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते. ड्रिल मशीनवर हातमोजे नकोत. बोटात अंगठी नको. आणि कुणीही, अगदी साहेबांनीही, गार्डचा स्विच बायपास कर म्हटलं तर सरळ म्हण: “मी शिकाऊ आहे, मला याची परवानगी नाही.” शिकाऊ असण्याचा तेवढा उपयोग तरी हक्काने करून घे.

चुका होतील. माझी सांगतो. दीड वर्ष झालं होतं आणि मला मोटर एकट्याने सोडायला दिली होती. मी टर्मिनलवरच्या तारांना खुणा न करता सोडल्या, लक्षात राहील म्हणून. जोडताना दोन फेज उलट झाल्या. कपलिंग जोडण्याआधी मोटर क्षणभर फिरवून दिशा बघायची असते, तेही घाईत राहिलं. पंप उलटा फिरू लागला. आणि गंमत बघ, सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतच राहतो. त्यामुळे लगेच कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दाब कमी येतोय अशी तक्रार आली आणि सगळे वाल्व आणि गाळणी तपासायला लागले. मला पंख्याच्या बाजूने मोटर बघताक्षणी कळलं. पोटात गोळा आला. गप्प राहून संध्याकाळी चुपचाप दोन तारा बदलता आल्या असत्या. मी जाऊन सांगितलं. बोलणी खाल्ली, भरपूर खाल्ली. पण त्यानंतरच्या आठवड्यात मला पहिल्यांदा गिअरबॉक्स उघडायला दिला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नव्हता. पुढे माझ्या हाताखाली मुलं आली तेव्हा लागला: जो चूक सांगतो त्याच्या कामाची पुन्हा पुन्हा तपासणी करत बसावं लागत नाही. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं चाक, शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असेल तर उलट फिरताना तो सुटून केसिंगवर आदळतो. आमचा तसा नव्हता, हे माझं नशीब.

पाळी बदलताना लिहायचं लॉगबुक कंटाळवाणं वाटतं, हेही तू लिहिलंस. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवर काय झालं ते वाच. एका पंपाचा सेफ्टी वाल्व तपासणीसाठी काढला होता आणि त्या जागी कोरी (भोक नसलेली, झाकणासारखी) फ्लँज नुसती बसवून ठेवली होती. तो वाल्व पंपापासून वर, नजरेआड होता. ही गोष्ट रात्रीच्या पाळीपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा रात्रीच्या लोकांनी हा पंप सुरू केला. गॅस गळला, स्फोट झाला आणि त्या रात्री १६७ माणसं गेली. परमिटची, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीची, पद्धत तिथे होती, कागद होते. जी माहिती हवी ती हव्या त्या माणसाच्या हातात नव्हती. म्हणून लॉगमध्ये ‘काम चालू’ एवढंच लिहू नकोस. काय उघडं आहे, काय काढून कुठे ठेवलंय, काय सुरू करायचं नाही आणि का, हे लिही. आणि शक्य असेल तर पुढच्या पाळीच्या माणसाला मशीनपाशी नेऊन बोटाने दाखव.

ग्रीस मारणं आणि ठरलेल्या तपासणीच्या फेऱ्या, म्हणजे पीएम. ही कामं सगळे नव्या पोरांवर ढकलतात आणि नवी पोरं ती उरकतात. बेअरिंग हाउसिंगमधली मोकळी जागा साधारण एक तृतीयांश ते अर्धी भरेल एवढंच ग्रीस बहुतेक ठिकाणी पुरतं. जास्त भरलं की ते घुसळलं जाऊन तापतं. वेगळ्या जातीचं ग्रीस वर मारू नकोस. लिथियमवर पॉलियुरिया गेलं तर दोन्ही पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. फेरीत हात लावून, ऐकून, वास घेऊन बघ, पण उगाच उघडू नकोस. युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ साली विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. वयानुसार झिजून बिघडण्याचा स्पष्ट कल फक्त ११ टक्के भागांत दिसला. उलट ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता नवीन बसवल्यावर लगेच सर्वांत जास्त होती. नीट चाललेलं मशीन ‘बघू तरी’ म्हणून उघडणं म्हणजे ती सुरुवातीची धोक्याची वेळ आपल्या हाताने परत आणणं. कारखान्यातली यंत्रं विमानाची नव्हेत, आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण नुकत्याच दुरुस्त केलेल्या मशीनकडे पहिले काही दिवस जास्त लक्ष दे, हे मी स्वतःच्या अनुभवावर सांगतो.

शिकवायला कुणी तयार नसेल तर? असे असतात. काहींना भीती असते की शिकवलं तर आपली किंमत जाईल, आणि काहींना खरंच शब्दांत सांगता येत नाही, त्यांचं ज्ञान हातात असतं. त्यांना “शिकवा” म्हणून उपयोग नाही. काम चालू असताना प्रश्नांची सरबत्ती तर मुळीच नको. काम झाल्यावर, हात पुसताना, एकच प्रश्न विचार आणि तोही बघितलेल्या गोष्टीवरचा: “तुम्ही तो बोल्ट आधी का सोडला?” आपण काय करतोय हे पोरगं बघतंय, हे लक्षात आल्यावर बोलायला न लागलेला फिटर मला अजून भेटलेला नाही. साहेबांना भेटून तीन-तीन महिने मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंट अशी फिरती मागून घे. भंगारात जाणारा गिअरबॉक्स सोडून बघायची परवानगी माग, सहसा कुणी नाही म्हणत नाही. कायम टॉर्चच असेल, वर्ष उलटूनही, तर ते मात्र चूक आहे आणि तसं शांतपणे, वही समोर ठेवून, सांगायचा तुला अधिकार आहे.

सोडून जाऊ का, हे मी ठरवू शकत नाही. पण ठरवायच्या आधी एक कर. भंगाराच्या पेटीतून एक जुनं बॉल बेअरिंग मागून घे. त्यावर हातोडी मारू नकोस. कडी कडक पोलादाची असते, तिचा कपचा उडून डोळ्यात जाऊ शकतो. गॉगल लाव, पत्र्याच्या केजचे (गोळ्या जागेवर धरणाऱ्या पिंजऱ्याचे) रिवेट ग्राइंडरने घासून काढ, केज सोडव, सगळ्या गोळ्या एका बाजूला सरकव, म्हणजे आतली कडी अलगद सुटते. बाहेरची कडी धुऊन पूस आणि तिला तिरपा प्रकाश दे. टॉर्च तुझ्याकडे आहेच. गोळ्यांचा पट्टा शोध. तो सरळ आहे की तिरका, अर्ध्याच भागात आहे की पूर्ण गोल, एका जागी रुंद आहे का, की समोरासमोर दोन जागी. चित्र काढ, खाली बेअरिंगचा नंबर आणि ते कोणत्या मशीनचं होतं ते लिही, आणि काय दिसलं ते मला कळव.